रबरी खेळण्यात खाऊ भरून कुत्र्याला गुंतवायचं, तर भरायचं कसं?

विचारणा थोडक्यात अशी आहे. दारव्हा तालुक्यात वावरातच घर, दीड वर्षाचा 28 किलोचा लॅब्रेडॉर आणि सोबत एक गावरान कुत्री. लॅब ठिबकच्या नळ्या चावतो, चपला फाडतो, आंगण उकरतो. पोकळ लाल रबरी खेळणं ऑनलाईन मागवलं आणि त्यात ग्लुकोजची बिस्किटं भरून दिली. पाच मिनिटांत खेळणं रिकामं, आणि आठवड्यात तर त्याने त्याच्याकडे बघणंच सोडलं. पैसे पाण्यात गेले का? उन्हाळ्यात काय करायचं? आणि "कुत्र्याला कसलं आलं खेळणं" म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगायचं?

पैसे पाण्यात गेलेले नाहीत. माझा पेशा कुत्र्यांना शिकवण्याचा. यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या घरांमध्ये फिरताना हे खेळणं मला बहुतेक वेळा खाटेखाली धूळ खात पडलेलंच दिसतं, आणि दर वेळी कारण तेच निघतं. रबराचं कुत्र्याला काहीही अप्रूप नसतं, आत काय आहे आणि ते किती कष्टाने निघतं एवढंच त्याला कळतं. तुमच्या लॅबचं पोट भाकरीने आधीच भरलेलं होतं. वर कोरडी बिस्किटं, तीही दोनदा आपटली की बाहेर. म्हणजे भूक नाही आणि काम पण नाही, मग त्याने लक्ष द्यावं तरी कशाला? तेव्हा पहिली गोष्ट ही की खेळण्यात वरचा खाऊ घालणं बंद करा. त्याच्या रोजच्या जेवणातलाच वाटा त्यात गेला पाहिजे. सकाळची अर्धी भाकर ताटलीत आणि अर्धी खेळण्यात, अशी सुरुवात करा.

हे खेळणं निघालं कसं ते घरच्यांना सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या कोलोराडोत जो मार्कहॅम नावाच्या माणसाकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. त्याला दगड चावायची खोड, त्यात दात झिजत चाललेले. मार्कहॅम एकदा जुन्या फोक्सवॅगन गाडीचं काम करत होता. सुटे भाग बाजूला फेकता फेकता त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा कुत्र्याने उचलला आणि सोडेचना. त्या तुकड्याच्या आकारावरून हे खेळणं बेतलं गेलं आणि 1976 मध्ये 'काँग' नावाची कंपनी उभी राहिली. एकावर एक ठेवलेल्या तीन गोळ्यांसारखा तो आकार आपटल्यावर कुठे उडेल याचा नेम नसतो, म्हणून कुत्रं त्याच्यामागे धावतं. थोडक्यात, दगड चावणाऱ्या कुत्र्याच्या दातांची सोय म्हणून ही वस्तू आली. ठिबकच्या नळ्या चावणारा कुत्रा त्याच भावकीतला.

आता कष्टाचं. 1963 मध्ये ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर एक प्रयोग केला. समोर आयतं खाणं ठेवलेलं असतानाही बरेच उंदीर कळ दाबून मिळणारं खाणं पसंत करत होते. पुढे अनेक प्राण्यांत हेच दिसलं. कुत्र्यांत मात्र असा ठाम कल दिसत नाही. ती काम करायला तयार असतात, पण आयतं समोर असेल तर आयतं खाण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. तुमच्या अंगणात ताटली दिवसभर भरलेली असेल, तर कितीही भारी खेळणं आणा, ते हरणारच. दोन वेळचं जेवण वेळेवर द्या आणि वीस मिनिटांनी उरलेलं उचलून घ्या. गावाकडे हेच सगळ्यांत जड जातं, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण भाकरीचा तुकडा टाकतो. आजीला सांगायची जबाबदारी तुमची.

हिशोब पण एकदा करून घ्या. मध्यम हालचाल असलेल्या 28 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1,300 ते 1,400 कॅलरी पुरतात. वरच्या खाऊचा वाटा त्यातला दहावा, फार तर 130-140. ग्लुकोजचं एक बिस्किट साधारण 25 कॅलरीचं असतं, म्हणजे दहा बिस्किटांत 250 गेल्या, त्याही मैदा आणि साखरेच्या. फल्लीदाण्याच्या कुटाचा मोठा चमचा 90 च्या घरात. लॅब ही जात मुळातच खाण्यापुढे हावरी आणि लवकर सुटणारी. खेळण्यात काही घातलं की तेवढं ताटलीतून कमी झालंच पाहिजे, ही एक शिस्त सुटली की सहा महिन्यांत कुत्र्याची कंबर दिसेनाशी होते.

भरायचं कसं, ते आता सविस्तर सांगतो, कारण सगळं इथेच आहे.

सुरुवात इतकी सोपी करा की तुम्हालाच हसू येईल. भाकरीचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे, थोडं उकडलेलं अंडं कुस्करून, सगळं मोकळं आत टाकायचं, आणि खेळण्याच्या मोठ्या तोंडाच्या कडेला आतून दह्याचं बोट फिरवायचं. कुत्र्याने नाक लावलं की चव लागली पाहिजे आणि ढकललं की तुकडा पडला पाहिजे. हा टप्पा तुमच्या लॅबने ओलांडलेला आहे, तरी दोन दिवस पुन्हा तिथूनच चालवा, कारण सध्या त्याच्या लेखी ही वस्तू कंटाळवाणी ठरलेली आहे.

मग ओलं भरायचं. भाकर कुस्करून ती बिनमिठाच्या, बिनफोडणीच्या तुरीच्या वरणात किंवा कोंबडी नुसती पाण्यात उकडून निघालेल्या पाण्यात भिजवायची. घट्ट गोळा झाला की बोटाने दाबून भरायची. आता नुसतं आपटून चालत नाही, जीभ आत घालावी लागते. चाटण्याने कुत्रं निवतं, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. पाच मिनिटांचे पंधरा होतात ते इथे.

तिसऱ्या पायरीला थर लावायचे. तळाशी, म्हणजे बारीक छिद्राच्या बाजूला, सगळ्यांत आवडीची वस्तू: उकडलेल्या कलेजीचा तुकडा किंवा अंड्याचा पिवळा बलक. कलेजी रोज नको, जीवनसत्त्व 'अ' जादा होतं, आठवड्यातून एक-दोनदा बस. त्यावर ओला गोळा, मध्ये एखादा गाजराचा तुकडा आडवा, वर पुन्हा गोळा. तळातला वास बारीक छिद्रातून येत राहतो आणि तिथवर पोहोचायला सगळं उपसावं लागतं. पहिल्यांदा थर लावाल तेव्हा हाताशी थांबा. चार-पाच मिनिटं झटूनही काही निघेना आणि कुत्रं खेळणं सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं, तर गोळा फार घट्ट झाला. थोडं मोकळं करून परत द्या. हरायची सवय लागली की पुढे ते हात लावत नाही.

शेवटची पायरी गोठवण्याची, आणि आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. शहरातले लोक सांगतात, रात्री फ्रीजरमध्ये टाका, सकाळी द्या. वीज असेल तर जरूर टाका; चार-सहा तासांत आतला ऐवज दगड होतो आणि अर्धा-पाऊण तास सहज जातो. पण रात्री चार तास लाईन गेली तर सकाळी हातात येतं ते अर्धवट वितळलेलं. दही-मांस एकदा वितळलं की पुन्हा गोठवून दुसऱ्या दिवशी देऊ नका. तेवढं वितळलेलंच लगेच द्या, नाहीतर फेका.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा विजेचा भरवसा नाही, त्यांना मी कण्या सांगतो. ज्वारीच्या कण्या. एक वाटी कण्यांना तीन वाट्या पाणी, मीठ नाही, मंद आचेवर चांगल्या शिजू द्यायच्या. चमचा उभा राहील इतक्या घट्ट. त्यात उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचे बारीक रेषे मिसळायचे. खेळण्याचं बारीक छिद्र गाजराच्या तुकड्याने बंद करून ते पेल्यात उभं ठेवायचं, कोमट कण्या ओतायच्या आणि पेला सावलीत, थंड पाण्याच्या पातेल्यात तास-दोन तास ठेवायचा. शिजलेल्या ज्वारीतला स्टार्च थंड झाल्यावर धरतो आणि आत वडीसारखा घट्ट थर बसतो. बर्फाइतका टणक नाही, पण नुसत्या भिजलेल्या भाकरीच्या दुप्पट वेळ टिकतो, स्वस्त पडतो, आणि पोटाला तर उत्तमच. मक्याच्या जाड भरड्याचंही असंच जमतं. फक्त एक लक्षात ठेवा: उन्हाळ्यात शिजवलेल्या कण्या सकाळच्या संध्याकाळी आंबतात. ज्या वेळी द्यायच्या त्या वेळेच्या हिशोबाने शिजवा.

आत काय घालू नये, यात मात्र तडजोड नाही. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला. दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे उरलेला सावजी रस्सा भाकरीवर ओतून देणं बंद. त्यात कांदा-लसूण, मीठ, तिखट, तेल सगळंच आलं. नुसत्या तेला-तुपाच्या माऱ्यानेही स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रं ओकायला लागतं. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडावर जातात, चॉकलेट तर माहीतच असेल. बाजारच्या पीनट बटरवर झायलिटॉल हा शब्द आहे का ते वाचा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या काही वस्तूंत हा गोडवा असतो, आणि कुत्र्यात त्याने अर्ध्या-एक तासातही रक्तातली साखर धडाधड उतरते, पुढे यकृत जातं. आपल्याकडे घरचे फल्लीदाणे असताना ती बरणी आणायचीच कशाला? भाजा, सालं पाखडा, मिक्सरमधून काढा, साखर-मीठ नको. पण दाणे स्वच्छ हवेत. पावसात भिजून बुरशी आलेले, काळपट दाणे किंवा मका "माणसाला नको, कुत्र्याला चालतं" म्हणून टाकू नका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. ते भाजून जात नाही, आणि कुत्र्याचं यकृत त्याला आपल्याहून लवकर बळी पडतं.

दुधाबद्दल लोक नेहमी विचारतात. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधाने ढाळ लागते, त्यापेक्षा दही बरं. लाल भोपळा उकडून, गाजर, रताळं, केळं, बिया काढलेलं टरबूज, पपई, हे सगळं चालतं. संत्र्याची एखादी फोड बिया काढून द्या. बहुतेक कुत्री नाक मुरडतात, काही मात्र वेडी होतात.

मुंग्या. शहरी माणूस याबद्दल कधी बोलत नाही, आणि गावात तर अर्धी खेळणी मुंग्यांमुळेच बंद पडतात. ओलं भरलेलं खेळणं अंगणाच्या मातीत दहा मिनिटं पडलं की मुंग्यांची रांग लागते. लाल मुंगी एकदा जिभेला डसली की कुत्रं त्या वस्तूपासून लांबच राहतं. सिमेंटच्या ओट्यावर किंवा धुतलेल्या फरशीवर द्या. भरून ठेवायचं असेल तर परातीत पाणी आणि पाण्यात वाटी पालथी, तिच्यावर खेळणं. खाऊन झालं की लगेच उचला. आतून धुवायला दुधाच्या बाटलीचा ब्रश गरम पाण्यासोबत घ्या. पावसाळ्यात धुऊन उन्हात, ऊन नसेल तर चुलीच्या उबेला पण आगीपासून दूर, तोंड खाली करून वाळवा. नाहीतर आतल्या वळणात बुरशी धरते आणि ती बाहेरून दिसत नाही. फवारणीच्या दिवसांत तर खेळणं वावरात जाऊच देऊ नका. औषध पडलेल्या ढेकळांत लोळलेलं रबर नंतर तासभर तोंडात राहतं. पंप हाताळलेल्या हातांनी ते भरणं नको, हे वेगळं सांगायला नको.

आता उन्हाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, आपलं यवतमाळ, मे महिन्यात पारा 45 च्या आसपास आणि वर. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. अंग निववायचं ते धापा टाकून. धापा टाकणारं कुत्रं दुपारी चावायला बसत नाही आणि बसवूही नये. म्हणून उन्हाळ्यात खेळणं पहाटे फेरफटका झाल्यावर आणि दुसरं दिवस मावळल्यावर. दुपारी फार तर गोठवलेलं ताक किंवा टरबुजाचा गर भरून, सावलीत, ओल्या गोणपाटावर. आणि थंड खेळण्याने ऊन लागलेलं कुत्रं बरं होत नाही, याचा घोळ करू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस. ते 41 च्या वर गेलं, तोल जायला लागला, लाळ घट्ट झाली, तर अंगावर साधं पाणी ओतत, वारा घालत थेट डॉक्टरकडे न्यायचं.

ठिबकच्या नळ्यांचं कोडं वेगळं आहे, ते खेळण्यावर ढकलू नका. आधी नळी नीट बघा. बारीक, एकाच जागी कुरतडलेलं भोक असेल तर ते खारीचं किंवा उंदराचं काम, आणि जंगलाच्या कडेच्या वावरात साळिंदराचंही. कुत्रा चावतो तेव्हा नळी चेपते, दातांचे लांब ओरखडे उठतात, तुकडा ओढून काढलेला दिसतो. तो कधी चावतो हे पण बघा. पुष्कळदा मोटार सुरू झाल्यावर. नळीतून सूं आवाज येतो, थेंब पडतात, तहानलेलं किंवा रिकामटेकडं कुत्रं तिथेच दात लावतं. वावरात सावलीला पाण्याचं टाकं किंवा जुनी घमेली रोज भरून ठेवा आणि मोटारीच्या वेळेला त्याला घराकडे, ओट्यावर, भरलेल्या खेळण्यासोबत ठेवा. चावण्याची नेमकी वेळ हेरून त्या वेळेला काम देणं, हा या खेळण्याचा खरा उपयोग. दिवसभर तेच देत बसलात तर त्याचं मोल उरत नाही.

आणि हे फिरण्याच्या बदल्यात नाही. दीड वर्षाचा लॅब म्हणजे अंगात वारं भरलेलं पोर. पहाटे एक तास धुऱ्याधुऱ्याने मोकळा हिंडू द्या, हवं तिथे हुंगू द्या. हिंडून आल्यावर दिलेलं खेळणं चाटत चाटत तो झोपतो. साखळीला बांधून दिवस काढलेल्या कुत्र्याला दिलं तर संपताच पुन्हा उकरणं सुरू. उकरण्यावरही एक स्वस्त तोड आहे. एका कोपऱ्यात वाळूचा ढीग टाकून त्यात भाकरीचे तुकडे पुरा, तिथे हवं तेवढं उकरू दे. तुकडे शोधायला कुटारात टाकण्याची सूचना काही जण करतात, पण गव्हाच्या कुटारातली कुसं आणि कुसळी गवत कानात, पंजात, नाकात घुसतं, ते काढायला भूल द्यावी लागते. वाळू किंवा सुका पाला बरा.

तुमच्याकडे दोन कुत्री आहेत, इथे सांभाळा. गावरान कुत्री लहानपणापासून खाणं झगडून मिळवत आलेली असते. लॅब खेळणं घेऊन पाय पसरेल आणि ती शेजारी आली की गुरकावेल, किंवा उलट. दोघांना एकाच वेळी, दाराच्या दोन बाजूंना, एकमेकांना दिसणार नाही असं द्या. खेळणं एकच असेल तर दुसरीला तिची ताटली. अंगण उघडं असेल तर गल्लीतली कुत्री वासावर येतात, फाटक लावल्याशिवाय देऊ नका. रात्री बाहेर तर नकोच. जंगलालगतच्या गावांत बाहेर बांधलेलं कुत्रं बिबट्याचं आयतं सावज असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि घरातल्या पोट्ट्यांना बजावून ठेवा: कुत्रं खात असताना खेळणं ओढायचं नाही. मोठ्या माणसाला काढून घ्यायचं असेल तर चार पावलांवर कलेजीचा तुकडा टाकायचा, ते उठून तिकडे गेलं की उचलायचं. चुकून दात लागलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखाना गाठा, कुत्रं घरचं असलं तरी.

खेळणं कुठलं घ्यावं? काँगच्या मापात मोठा आकार 13 ते 30 किलोच्या कुत्र्यांसाठी आणि त्याच्या वरचा 27 ते 41 किलोसाठी आहे. 28 किलोचा, जबड्याचा जोर असलेला लॅब असेल तर मी वरचाच घेईन. लाल रबर सर्वसाधारण, काळं जास्त टणक, फाडून खाणाऱ्यांसाठी. पिलांसाठी निळं किंवा गुलाबी मऊ येतं. पिलांचे 28 दुधाचे दात साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात पडून 42 पक्के येतात, त्या काळात टणक वस्तू नकोच. दुसऱ्या कंपन्यांचंही घ्या, माझी हरकत नाही, पण दोन गोष्टी बघा. दोन्ही बाजूंना छिद्र हवंच. एकाच छिद्राच्या खेळण्यात जीभ आत गेली की हवेची पोकळी होऊन ती अडकते, सुजते आणि निघत नाही. दुसरं, रबरावर नख दाबून बघा. थोडंही दबत नसेल तर ते दातापेक्षा कडक आहे, आणि वरचा मोठा दाढेचा दात उभा फुटतो तो अशाच वस्तूंवर.

पैसे वाचवायला घरगुती तोड काढणारे खूप भेटतात. जुन्या टायरच्या तुकड्यात तार असते. टेनिसच्या चेंडूवरची लव दात घासून काढते. मक्याचं कणीस खाऊन झाल्यावर उरलेलं बुरकुंड आणि आंब्याची कोय, ही दोन तर आतड्यात अडकायला जगप्रसिद्ध आहेत. मे-जूनमध्ये कोयी उकिरड्यावर उघड्या टाकू नका. करवंटी आणि बांबूच्या ढलप्या निघतात. शिजवलेलं हाड सुईसारखं तुटतं. आणि एक खास आपल्या भागातलं: जंगलात चितळाचं गळून पडलेलं शिंग सापडतं, विदेशात ते कुत्र्यांना चावायला विकतात म्हणून कुणीतरी व्हिडिओ दाखवतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते घरात ठेवणंच गुन्हा आहे, आणि वरून दातही फुटतो. बिनखर्चाचं काही हवंच असेल तर बिनपिनांच्या, बिनटेपच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भाकर गुंडाळून द्या, समोर बसून. फाडू द्या, गिळू लागला की काढून घ्या.

इतकं करूनही तो हात लावत नसेल, तर त्याची दोन कारणं मला नेहमी दिसतात. तुम्ही घरात असताना खातो आणि बाहेर पडलात की भरलेलं तसंच, पण परत आलात की तुटून पडतो, असं असेल तर तो कंटाळलेला नाही, एकटं राहायला घाबरतो. हे खेळणं भीतीवर औषध नाही. त्याला मिनिटा-मिनिटाने एकटं राहायला शिकवावं लागतं. अशा कुत्र्याला फक्त निघतानाच खेळणं दिलं तर त्याला ते बघितल्यावरच धडकी भरते, म्हणून घरात असतानाही अधूनमधून द्या. दुसरं, काल चावणारा कुत्रा आज एका बाजूनेच चावतो, लाळ गळते, तोंडाला हात लावू देत नाही: तेव्हा दात बघा.

दर धुण्याच्या वेळी खेळणं पिळून, वाकवून चीर पडली आहे का ते तपासा. कडेचा तुकडा निघालेला दिसला की ते गेलं समजा, कितीही महागाचं असो. आणि तुकडा गिळल्याचा संशय असेल तर घरी मीठ-पाणी पाजून ओकवू नका. वारंवार उलट्या, खाणं बंद, शी न होणं, पोटाला हात लावल्यावर अंग चोरणं, यातलं काही दिसलं की थांबायचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे नसेल तर नागपूरच्या किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. जाताना फुटलेलं खेळणं पिशवीत घालून सोबत घ्या, म्हणजे किती तुकडा कमी आहे हे डॉक्टरांना तिथल्या तिथे मोजता येतं.